पहाटेची दोन ताटं

३ मार्च, सोमवार

पुन्हा पहाटे उठले. उठले कसली — अलार्मने उठवलं! भात गरम केला, दोन ताटं घेतली. हे रात्रपाळी संपवून काचेच्या भट्टीवरून आले, डोळे लाल, कपड्यांना बाटल्यांच्या कारखान्याचा तो जळका वास. समोरासमोर बसून जेवलो. हे ह्यांचं रात्रीचं जेवण. माझं कुठलं म्हणायचं? मी तर संध्याकाळीच सासूबाईंबरोबर जेवलेली असते. त्यांना एकटीने जेवणं जमत नाही, ह्यांनाही एकट्याने घास उतरत नाही. दोघांना सोबत लागते, आणि पोट मात्र मला एकच.

४ मार्च

झोप नाही. भात छातीवर बसलाय. हेही आत नुसते कूस बदलत पडलेत.

९ मार्च, रविवार

कारखान्याने आरोग्य शिबिराला घरच्यांनाही बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई छान बोलल्या, समजेल असं. डोक्यात जसं घड्याळ असतं तसं म्हणे पोटातही असतं. बाहेर अंधार असला की पोट दुकान बंद करून बसतं. तेव्हा जेवलं की साखर रक्तातच रेंगाळते, वर झोपेचंही खोबरं. मग सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाल्या, "तुमची साखर काठावर आहे. पहाटेचं जेवण आजपासून बंद. महिन्याने बघू, नाहीतर जन्माच्या गोळ्या."

आणि मला — "ताई, सगळं तुमच्या हातात आहे हं!"

माझ्या हातात पळी आहे, दुसरं काय? मी कधी झोपते, हे तिथे एकानेही विचारलं नाही. मी काय, कारखान्याचा दरवाजा. येणाऱ्याला आत घ्यायचं, जाणाऱ्याला सोडायचं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "पोटात घड्याळ? आमच्या वेळी भिंतीवर एक होतं, तेही बंद!" हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१० मार्च

आज ताटं घेतलीच नाहीत. फक्त पेलाभर दूध ठेवलं. हे आले, ओट्याकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसले.

"जेवलीस?"

"नाही." खरंच सांगितलं. पहाटे कोण कशाला जेवेल!

"मग वाढ की दोघांना."

झालं! डॉक्टरीणबाईंचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, "अहो, बंद करायला सांगितलंय ना?" तर म्हणे, "थोडंसंच घेऊ." बायको उपाशी ठेवते अशी कारखानाभर बोंब नको, म्हणून वाढलं. मीही मुकाट्याने गिळलं. स्वतःच्या जिवापेक्षा घास मोठा झालाय ह्यांना. एवढा हावरटपणा बरा नव्हे ह्या वयात.

१२ मार्च

आजही तेच. मी भात कमी घातला, तर स्वतःच्या ताटातला माझ्या ताटात सारला! लाडात आलेत. मला घास फिरत होता तोंडात.

१५ मार्च, शनिवार

साखर मोजायचं मशीन आणलं. ह्यांना सुईची भीती! भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, आणि टाचणीएवढ्या सुईला घाबरून हात मागे घेतो. म्हटलं, बघा, मी आधी टोचून घेते.

माझी दोनशे सोळा. ह्यांची एकशे बारा.

मशीन खराब निघालं. पैसे घेताना किती गोड बोलला होता तो औषधवाला!

१६ मार्च

औषधाच्या दुकानात जाऊन भांडले. चांगला आवाज चढवून भांडले, चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. औषधवाल्याने स्वतःचं बोट टोचलं. त्याची बरोबर आली. मग माझं परत टोचलं. आकडा पाहिला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मशीन चांगलं आहे हो."

त्याने ओरडायला हवं होतं माझ्यावर. ते बरं वाटलं असतं.

१९ मार्च

रक्त दिलं होतं, रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई चष्मा काढून बघतच राहिल्या. "पण ताई, तुम्ही तर रात्रपाळी करत नाही!"

म्हटलं, "मी दोन्ही पाळ्या करते."

गोळ्या सुरू. जन्माच्या. कारखान्यात मी एक दिवस पाऊल ठेवलं नाही, आणि त्यांचा रोग माझ्या वाट्याला! नऊ वर्षं झोपमोड करून ह्यांना सोबत दिली, त्याचं हे फळ. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. काय सांगू — तुमच्या घासाने माझं वाटोळं केलं? तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते. मला ह्यांचा राग आलाय. खूप राग आलाय.

२१ मार्च, शुक्रवार

आज सांगितलं. म्हटलं, "मला साखर झालीय. उद्यापासून पहाटे तुमच्याबरोबर जेवणार नाही. एकट्याने जेवा नाहीतर उपाशी झोपा!"

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी तिथूनच जेवून येतो गं. रात्रपाळीला कारखान्यात ताट मिळतं, पहिल्यापासून. पण पहिल्याच दिवशी घरी आलो, तर तू दोन ताटं मांडून बसलेली, माझ्यासाठी उपाशी. मग तुला एकटीला कसं जेवायला लावणार?"