सर्दी बोटीतून येते

बाबा,

तुम्हाला हसू येईल, पण मी सध्या जपानात, त्सुकुबा शहरातल्या एका प्रयोगशाळेत आहे. म्हणजे तिथली काचेची भांडी धुते. कॉलेज अर्धवट सोडलेल्या मुलीला आणखी काय देणार! भाऊजींच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमुळे ताई टोकियोतल्या एदोगावात आली, आणि ताईच्या मागून मी, भाषाशाळेच्या व्हिसावर. ताईकडे कचऱ्याचे इतके ढीग वेगळे करावे लागतात की चहाच्या पिशवीपुढेसुद्धा मी विचार करत उभी राहते. असो, सांगायचं ते वेगळंच.

गेल्या आठवड्यात मी शिंकत कामावर गेले. तिथले म्हातारे सेन्सेई, म्हणजे आपले सर, ध्रुवावर राहून आलेल्यांचं रक्त तपासतात. त्यांनी माझ्यापुढे मास्क ठेवला. "मला काही होत नाही हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी," ते म्हणाले. इथे तशीच रीत आहे, आजारी माणूस दुसऱ्यासाठी तोंड झाकतो. मग मी सांगितलं, माझे वडील अंटार्क्टिकावर जनरेटर सांभाळायला होते, आल्यावर त्यांना तिथली थंडी बाधली. सेन्सेईंनी मान हलवली. "थंडी नव्हे. बर्फावर सर्दी नसते, सर्दी बोटीतून येते." महिनोन्‌महिने तीच मोजकी माणसं, ऊन नाही, धड झोप नाही, नवा जंतू भेटत नाही आणि शरीर लढायचं विसरत जातं. परतल्यावर साधी शिंकही महागात पडू शकते.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी आठ वर्षांची, गोव्याच्या धक्क्यावर उभी आहे. तुम्ही उतरता, दाढीवाले, अनोळखी. मी तरी झेप घेते. तुम्ही विचारता, "नाक का वाहतंय गं?" "धुळीनं." "धुळीनं काय!" म्हणत तुम्ही आपल्याच रुमालानं माझं नाक पुसता आणि तोच रुमाल खिशात ठेवता. चौथ्या दिवशी तुम्हाला ताप, मग छातीत कफ, मग दवाखाना. आई सगळ्यांना सांगत होती, "बर्फ बाधला ह्यांना." पुढच्या मोहिमेचा अर्ज तिनं तुमच्यासमोर फाडला. तुम्ही ओट्यावर मिक्सर उघडून बसला होतात. अर्जाकडे पाहिलंत आणि मला म्हणालात, "बारका स्क्रू-ड्रायव्हर दे." पुन्हा कधी तिकडचं नाव काढलं नाहीत. फक्त फ्रीजची बर्फाची पेटी उघडलीत की जरा जास्त वेळ उभे राहायचात.

ताई म्हणते, बोटीवरही कुणी शिंकलं असेल, तू कशाला लावून घेतेस? असेलही. पण तुम्हाला आणायला गोव्याच्या एसटीत बसण्याआधी आईनं मला विचारलं होतं, "सर्दी नाही ना? असेल तर काकूंकडे राहा." मी नाही म्हटलं, आणि सबंध वाटभर फ्रॉकच्या आतल्या बाजूला नाक पुसत आले. तुम्हाला भेटायचं होतं हो.

तुम्ही गेलात, तुम्हाला आता पत्ता नाही; खरं तर हे पत्र आईच्या पत्त्यावर जायला हवं. काल फोनवर ती म्हणाली, "थंडीत हिंडू नकोस, तुझ्या बाबांचं काय झालं माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "हो, माहीत आहे."