सहा जुन्या आवृत्त्या बंद करताना

सर, तुमच्या सॉफ्टवेअरच्या सहाही जुन्या आवृत्त्या मी गेल्या आठवड्यात बंद केल्या. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. गावोगावच्या वाचनालयांसाठी तुम्ही ते लिहिलंत, सगळ्यांना खुलं ठेवलंत, इथपर्यंत मी तुम्हाला मानते. पण नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी कधीतरी थांबवायची असते, एवढं साधं तुम्हाला जमलं नाही. कुणी म्हणालं, "सर, आमाले जुनंच राहू द्या," की तुम्ही लगेच, "हाव, राहू दे ना." जळगाव जामोदच्या कॉलेजातली ती लॅब अजून डोळ्यांसमोर आहे. मी तुमची विद्यार्थिनी, नुकतीच तिथेच शिकवायला लागलेली. मी म्हणते, "सर, सहा जुन्या आवृत्त्या एका माणसाने सांभाळायच्या नसतात. चार तरी बंद करू." तुम्ही भरल्या वर्गासमोर खुर्ची फिरवता. "तुले एवढी घाई काऊन वो? तू लोकायले वाऱ्यावर सोडशील. मी नाही सोडत. तू नवी सांभाळ, जुन्या मी पाहतो." पोरं हसतात. मी मान खाली घालते, आणि पुढची कित्येक वर्षं स्वतःला कोत्या मनाची समजत राहते.

तुमच्या शोकसभेतही सगळे तेच बोलले, सरांनी कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही. मीसुद्धा बोलले.

मग यंदा दुसरबीडच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "मॅडम, आमच्या वाचक पोरींले अनोळखी माणसांचे फोन येऊन राह्यले. नंबर फक्त आपल्या रजिस्टरात होते." तो दोष मी ओळखला. सॉफ्टवेअरमधून बाहेरच्या कुणालाही इंटरनेटवर वाचकांचे पत्ते आणि नंबर दिसत होते. नव्या आवृत्तीत मी तो तुम्ही असतानाच बुजवला होता, आणि जुन्या सहांत तुम्ही 'दुरुस्ती केली' अशी नोंद केली होती. मी त्या नोंदी उघडल्या. तुम्ही फक्त आवृत्तीचा आकडा वाढवला होता. दोषाची ओळ जशीच्या तशी. मागच्या दुरुस्त्या पाहिल्या, त्याही तशाच. हा तुमचा मोठेपणा! तोंडावर हो म्हणायचं, आकडा वाढवायचा आणि माया म्हणून मिरवायचं. नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी बसने दुसरबीडला गेले. चार तासांत नवी आवृत्ती बसली. बाई म्हणाल्या, "एवढंच होतं? मग सरांनी काऊन नाही केलं?" मी म्हटलं, "त्यांना वेळ मिळाला नाही." त्या मुलींना नंबर बदलावे लागले, हे त्यांनी मला चहा देताना सांगितलं. बाकीच्या वाचनालयांना मी मुदत दिली, जिथे जमेना तिथे स्वतः गेले, आणि मग सगळं बंद केलं. आता रोज निरोप येतात, सर असते तर असं झालं नसतं. वाचते आणि पुसून टाकते.

हे पत्र मी आपल्या प्रकल्पाच्या सगळ्या लोकांना पाठवायला लिहिलं होतं. पाठवणार नाही. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून खाली 'तपासलं' असं लिहायचं, हा आपला नियम होता. तुमच्या त्या प्रत्येक खोट्या दुरुस्तीखाली 'तपासलं' आहे, आणि पुढे माझं नाव. मी एकही उघडून पाहिली नव्हती.