रोसामेल मामांची प्रार्थना

वाल्पराईसो,
जुलैचा शेवटचा मंगळवार

तीर्थरूप रोसामेल मामांस यास्नाचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि शेळ्या सुखरूप असाव्यात (मी महत्त्वाच्या क्रमाने विचारते आहे, तुम्ही उत्तर उलट्या क्रमाने द्याल हे ठाऊक आहे). इथे बंदरावर धुकं आहे आणि मला सर्दी आहे, पण तक्रार नाही. तुम्ही आणलेलं शेळीचं चीज मी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये बेडकांच्या खाद्याशेजारी ठेवलं होतं. डॉक्टर ओयार्सूनबाईंनी ते खाल्लं आणि फार चविष्ट आहे म्हणाल्या. त्यांनी चीजच खाल्लं असं मी गृहीत धरून चालले आहे.

आता तुमच्या त्या सकाळबद्दल. गुडघा दाखवायला तुम्ही इथे आलात आणि माझ्या शब्दाखातर आमच्या नव्या यंत्रासमोर बसलात, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. रुग्णांचे डोळे तपासण्याआधी आम्हाला एक निरोगी, साधा डोळा हवा होता. मी तुमचं नाव सुचवताना ‘अत्यंत सामान्य’ असे शब्द वापरले होते. ते मी मागे घेते.

काय घडलं ते तुम्ही अंधारात बसून ऐकलंत, पण समजलं नसेल. डोळ्यावर लखलखाट पाडला की डोळा विजेची एक छोटी लाट उठवतो. तुमची पहिली लाट इतकी देखणी होती की तंत्रज्ञ फाबियानने शीळ घातली. लगेच दुसरा लखलखाट पाडला, तर काही नाही, नुसती सरळ रेघ. फाबियान म्हणाला दिवा गेला. दिवा बदलला, पुन्हा पहिली लाट आणि मग रेघ. डॉक्टर म्हणाल्या तार गेली. तार बदलली, पुन्हा रेघ. तेवढ्यात तुम्ही अंधारातून विचारलंत, “पोरांनो, दिवा लावताय की नाही? मला आपला एकच दिसतोय.”

“अहो मामा, दोन लागले!”

“मग दुसऱ्याची वीज कोणीतरी चोरतंय. आमच्या खाणीत मुकादमाला विचारायची पद्धत आहे. इथला मुकादम कोण?”

(मुकादम म्हणजे डॉक्टर ओयार्सून. त्या त्याच वेळी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तारा मोजत होत्या, आणि बाहेर येताना त्यांचं डोकं आपटलं. तो आवाज यंत्राचा नव्हता.) शेवटी फाबियानने चिडून स्वतःचा डोळा लावला. दोन लखलखाट, दोन लाटा. यंत्र ठणठणीत. मग आम्ही तिघं पुन्हा तुमच्याकडे वळलो. तुम्ही विचारलंत, “आता एम्पानादा मिळेल का?”

मिळाला, खिमा भरलेला, गरम. आणि एक नळीभर रक्त आम्ही घेतलं. त्याचा निकाल काल आला.

मामा, मी सहसा भारावून जात नाही. पण हे सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, आणि प्रकाशाचा एक कण, एकच, त्यातल्या एकीवर पडला तरी तिला कळतं. बेडकाच्या पेशीत मी हे स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही. कारण विचारू नका. त्या कणाने एक प्रथिन वळतं, ते शेकडो दुसऱ्या प्रथिनांना जागं करतं, ती तिसऱ्यांना, आणि बातमी पेशीभर होते. दोन्या एर्मेलिंदाच्या दुकानातून आपल्या खोऱ्यात पसरते तशीच. पण खरं नवल पुढेच आहे. बातमी पोचल्यावर ती थांबवायची असते, नाहीतर पुढची ऐकू कशी येणार? म्हणून पहिल्या प्रथिनाचे हात बांधणारं एक प्रथिन आहे, त्याच्यावर चढून बसणारं दुसरं, हे सगळं किती घाईने करायचं ते ठरवणारं तिसरं. आणि दुसऱ्या फळीतल्या त्या शेकडो बातमीदारांना गप्प करणारंही एक प्रथिन आहे. हे सारं पापणी लवायच्या आत उरकतं. तुमच्या आणि माझ्या नकळत, जन्मभर.

तुमच्यात तो गप्प करणारा कामावर येतच नाही. बातमी ओरडून ओरडून स्वतःच थकते, तेव्हा कुठे थांबते. अंधारात तुमची नजर कोणाहीइतकी चांगली आहे. म्हणूनच खाणीत कधी कोणाला संशय आला नाही. अंधारातून उन्हात आलात की मात्र काही क्षण सगळं पांढरं.

तुम्हाला निरोप देताना बस स्थानकावर मी विचारलं, खाणीच्या तोंडाशी तुम्ही रोज काय प्रार्थना करायचात? (सगळं खोरं तुम्हाला ‘भक्त रोसामेल’ म्हणतं म्हणून विचारलं.) तुम्ही पिशवी मांडीवर घेतलीत. मग म्हणालात, “कसली प्रार्थना, पोरी? दिसत नव्हतं म्हणून उभा राहायचो. आंधळ्या खाणकामगाराला घरी पाठवतात. एकदा दोन्या एर्मेलिंदा डबे घेऊन आली होती, ती म्हणाली, बघा कसा देवाशी बोलतोय. मी टोपी काढली. मग काय, रोज काढावी लागली.”

तुमचं बघून तुमची अख्खी टोळी थांबू लागली. मी लहानपणी पाहिलं आहे ते: धुळीने माखलेली माणसं, हातात टोप्या, मिटलेले डोळे, ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना एकदा म्हणून होईल इतका वेळ. खाणीच्या तोंडाशी आज तुमच्यानंतरची पोरंही थांबतात. नुसत्या डोळ्याला न दिसणारं एक प्रथिन एका माणसात नाही, आणि त्यामुळे एका डोंगरात रीत पडली. मी हे आमच्या शोधनिबंधात कुठेही लिहू शकत नाही. लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

बाकी आईने फोनवर सांगितलं की यंदा दहा ऑगस्टला, खाणकामगारांच्या सणाला, संत लोरेन्सोची मूर्ती खांद्यावरून न नेता ट्रकमधून बोगद्यात फिरवणार, आणि उत्सव समितीने एकमताने ट्रक चालवायचा मान तुम्हाला दिला. अभिनंदन. भर दुपारी संत बाहेर येणार आणि पुढे लहान मुली नाचत चालणार, असंही ती म्हणाली. छान दिसेल.

मामींना नमस्कार. शेळ्यांना काही नाही.

तुमची भाची,
यास्ना

ता. क. छान दिसणार नाही. तुम्हाला तर काहीच दिसणार नाही, आणि त्या मुली तेव्हा बोनेटसमोर असतील. बोगद्याच्या तोंडाशी ट्रक थांबवीन असं म्हणू नका. मागच्यांच्या ढकलण्यावर आणि बँडच्या उत्साहावर माझा विश्वास नाही. किल्ली द्या. हे पत्र त्यासाठीच आहे. बेडूक, चीज वगैरे वाट मोकळी करायला होतं.

ता. क. २. किल्ली आईकडे द्या. तिला मी एवढंच सांगितलं आहे की संतामागून पायी चालायचा तुमचा नवस आहे. ती रडली. समितीही रडेल. तुमची अब्रू आहे त्याहून वाढेल; त्याला माझा इलाज नाही. तुमच्या प्रार्थनेचं खरं काय ते मी कोणाला सांगितलेलं नाही, फाबियानलासुद्धा नाही, आणि तो रोज विचारतो, मामा खाणीतून उन्हात यायचे कसे.

ता. क. ३. माझंही रक्त तपासलं. त्या प्रथिनाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. चांगली एक पुरते. माझे डोळे निर्दोष आहेत. अंधाऱ्या खोलीतून उजेडात येताना मला थांबायचं काहीच कारण नाही. तरी हल्ली दाराशी डोळे मिटून उभी राहते, एक ‘आमच्या पित्या’ होईल इतका वेळ. काल डोळे उघडले तेव्हा फाबियान शेजारी उभा होता. त्याने टोपी काढली होती.