फांगच्या वडिलांचा पत्ता

मी, गिरिजा रवींद्र उकिडवे, वय त्र्याहत्तर, मूळची सांगलीची, हल्ली मुक्काम सनीव्हेल, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात घरचं कोणी असावं लागतं.

इंग्रजीतलं रीतसर मृत्युपत्र वकील नीनाबाईंकडे आहे आणि कोर्टात तेच चालेल. हे मराठीतलं माझी मुलगी नैना हिच्यासाठी. तिला देवनागरी वाचताना अक्षरं लावावी लागतात, म्हणून माझी भाडेकरू चैत्राली हिने ते तिला मोठ्याने वाचून दाखवावं. मध्ये थांबून रडू नये, नैनाला फ्लाइट पकडायची असेल.

१. राहतं घर नैनाला. तिची नोकरी, संसार, सगळं पार पूर्व किनाऱ्याकडे, अ‍ॅशबर्नला आहे, तेव्हा ती ते विकणार हे उघड आहे. माझा राग नाही. फक्त कलम पाच पुरं ऐकल्याशिवाय विकायला काढू नये. बँकेत असेल ते आणि माझ्या पाटल्याही तिलाच. पाटल्या ती घालणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी तिलाच.

२. गॅरेजमधली रवीची सगळी हत्यारं शेजारच्या नीलला. नवरा जन्मभर चिप कंपनीत होता, पण त्याचा जीव त्या हत्यारांच्या पेटीत. शेजारीपाजारी पुष्कळांनी त्यातून पुष्कळ काही नेलं. परत आणून दिलं ते एकट्या नीलने.

३. पुरणयंत्र मंडळातल्या सुमेधा हिला. ती ते एका होळीला घेऊन गेली आणि दांड्याशिवाय परत केलं. दांडा अजून तिच्याकडेच असणार, आता उरलेलंही घेऊन जावं. "गिरिजाबाई आता चिनी झाल्या, गणपतीला येत नाहीत," असं हीच सगळ्यांना सांगत होती. गणपतीला मी येत नव्हते कारण मला न्यायला कोणी येत नव्हतं. एवढं तिला वाचून दाखवलं तरी चालेल.

४. साक्षीदाराला काही ठेवू नये, असं नीनाबाई म्हणतात. म्हणून चैत्रालीला मोठा कुकर आजच देऊन टाकला आहे.

५. आता मागच्या अंगणातली फरशी. तुळशीच्या कुंडीजवळ एक काळा डाग आहे. घर रंगवायला आलेला माणूस तो घासून देत होता, मी हात लावू दिला नाही. नैनाला तो माझा गचाळपणा वाटतो. तो डाग श्रीमती फांग यांच्या वडिलांचा आहे.

फांग माझ्याच वयाची. नातवंडं सांभाळायला मुलाकडे आली होती. रवी गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी सकाळी बागेत जायला लागले. तिथे चिनी आज्या स्पीकर लावून रांगेत नाचतात. मी शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि कोणी हाकललं नाही. गाणी त्यांच्या तरुणपणची, क्रांतीच्या काळातली. एक गाणं लागलं की फांग बाकावर बसून बुटाची नाडी बांधायला घ्यायची. तिच्या बुटांना नाडी नव्हती.

आम्हा दोघींना सामाईक अशी भाषा नव्हती. ती फोनशी चिनीत बोलायची, फोन मला इंग्रजीत सांगायचा. असं तुकड्यातुकड्याने कळलं ते इतकंच. तिचे वडील शाळेत हेडमास्तर. सांस्कृतिक क्रांती आली तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी, दंडावर लाल पट्ट्या बांधून, त्यांच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी चढवली आणि ते गाणं म्हणत त्यांना पटांगणात फिरवलं. जुनं ते सगळं नष्ट करायचं, असा तेव्हा धडाका होता. पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या घरात सापडल्या असत्या तर आणखी हाल झाले असते. म्हणून वडिलांनीच सांगितलं आणि तेरा वर्षांच्या फांगने त्या स्वतःच्या हाताने चुलीत घातल्या. पुढे वडिलांना दूर कुठल्याशा शेतावर मजुरीला नेलं. ते परत आले नाहीत, त्यांची राखही आली नाही. मी त्या वर्षी सांगलीत शिष्यवृत्ती हुकली म्हणून दोन दिवस जेवले नव्हते.

वसंतात छिंगमिंग येतो. त्या दिवशी चिनी लोक पूर्वजांची थडगी झाडतात आणि पिवळे कागद जाळतात. ज्याचं थडगं दूर असेल किंवा नसेलच, त्याच्यासाठी चौकात खडूने वर्तुळ काढायचं आणि त्याला एका बाजूने तोंड ठेवायचं, म्हणजे त्याला आत येता येतं. आत फक्त आपलं माणूस. दोन कागद मुद्दाम वर्तुळाबाहेर जाळायचे, ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी. जेवताना आपण पानाबाहेर चित्राहुती घालतो, तशातलंच.

एका वर्षी फांगने हे आमच्या कोपऱ्यावर केलं आणि कोणीतरी आगीचा बंब बोलावला. एवढा मोठा बंब, एवढीशी राख, आणि फांग मान खाली घालून उभी. गणवेशातली माणसं दारात आली की काय होतं हे तिला माहीत होतं. मी गाऊनवरच धावले आणि सांगितलं, "शी इज माय सिस्टर. धिस इज अवर पूजा." त्या माणसाने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुढच्या वेळी घरामागे करा म्हणाला. तेव्हापासून वर्तुळ माझ्या अंगणात.

तिच्या मुलाला हे पटायचं नाही. जुनं सोड, हवं तर फोनवर मेणबत्ती लाव, हल्ली तिकडेही लोक तसंच करतात, असं तो म्हणायचा. फांग मला म्हणाली, "हे मी आधी ऐकलंय. तेव्हा म्हणणाऱ्याच्या दंडावर लाल पट्टी होती."

मग मुलाची नोकरी गेली आणि ते सगळे टेक्सासला गेले. निघताना तिने उरलेला खडू माझ्या हातात ठेवला. फोन म्हणाला, "बाबांना तुझा पत्ता माहीत झालाय. आता या वयात ते कुठे शोधत फिरतील?"

नैना, तू दर रविवारी विचारतेस, "आई, यू आर ऑल अलोन देअर. बेसमेंट रेडी आहे, येत का नाहीस?" मी कधी गुडघ्यांचं, कधी तिकडच्या बर्फाचं कारण सांगितलं. खरं कारण हा पत्ता. कधीही न पाहिलेल्या त्या माणसासाठी मी दर वसंतात वर्तुळ काढत आले. गेल्या हिवाळ्यात फांगही गेली. मुलाने मेसेज केला, दोन ओळींचा. आता त्या घरी कोणी कागद जाळत नाही. बागेत ते गाणं लागलं की बाकावर जाऊन मी बसते. मला एकटं वाटतं, फार वाटतं. हे रविवारी सांगितलं असतं तर तू विमानात बसली असतीस, म्हणून इथे सांगते.

ही अट नाही. अशी अट टिकत नाही, असं नीनाबाईंनी बजावलं आहे. ही विनंती आहे. घर विकण्याआधी एकदा त्या डागावर वर्तुळ काढ. खडू तुळशीच्या कुंडीखाली आहे. तोंड पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला ठेव. कागद पेटव आणि हेडमास्तरांना तुझा अ‍ॅशबर्नचा पत्ता मोठ्याने सांग, तुझी मुलगी सोबत असेल तर तिलाही सांगू दे. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. इतकी वर्षं त्यांनी माझं मराठी चालवून घेतलं.

पुढच्या वसंतात तुझ्या ड्राइव्ह-वेवर काढ. शेजारी विचारतील, त्यांना काय सांगायचं ते तुला आता ठाऊक आहे. आणि बाहेर जे दोन कागद टाकतात ना, कोणीच नसलेल्यांसाठी, त्यांत मला धरू नकोस. मला आत घे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द खोडण्यासारखा वाटला नाही.

सही: गिरिजा रवींद्र उकिडवे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
साक्षीदार १: चैत्राली सदाशिव घाटपांडे
साक्षीदार २: राधिका मोहिले

स्थळ: सनीव्हेल, मागचं अंगण
दिनांक: ४ एप्रिल २०२६, छिंगमिंगचा आदला दिवस