डार्सीला एकदाचं देऊन टाकण्याबद्दल

ती. बेरिलताईस,

धाकट्या मर्विनचा साष्टांग नमस्कार (डाव्या गुडघ्यामुळे हल्ली तो अर्ध्यावरच थांबतो, उरलेला मनाने घातला असं समज). तुझी कंबर कशी आहे? क्लेमदाजींचे कान तपासून झाले का? नसतील तर घाई करू नकोस, हवं तेवढं त्यांना नेहमीच ऐकू येत आलं आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. इकडे विराबिनमध्ये पेरण्या आटोपल्या, जूनचा ऐन हिवाळा, पहाटे गवतावर बर्फ साचतं, पण मी सध्या एका निश्चयाने पेटलेला असल्यामुळे मला थंडी अशी वाजत नाही.

निश्चय असा की आमच्या फुटबॉल संघाचा फुलबॅक, म्हणजे गोलापुढचा शेवटचा राखणदार, डार्सी ट्रेंबाथ तुमच्या डनमेरिन क्लबाला देऊन टाकायचा आणि त्याच्या बदल्यात तुमचा तो लंबू फ्रेझर घ्यायचा. कमिटीत ठराव मीच मांडला, त्यावर भाषणही मीच केलं, आणि संघ निवडणारा मुख्य मीच असल्यामुळे नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. अशा अदलाबदली जूनअखेरपर्यंतच करता येतात हे मी तुला काय सांगू, तू डनमेरिनच्या सेक्रेटरीचीच बायको. पूर्वी सह्या असायच्या, आता दोन्ही क्लबांनी कॉम्प्युटरवर एकेक बटण दाबायचं. आमचं मी दाबलं (दोनदा दाबलं, एकदा दाबून समाधान होईना). आता येत्या शनिवारी मध्यरात्रीच्या आत दाजींनी तुमचं दाबलं की डार्सी तुमचा.

तू म्हणशील, एवढा गुणी मुलगा हातचा का घालवतोस? ताई, गुणी आहे म्हणूनच इतके हंगाम सोसला. नुसताच वाईट असता तर केव्हाच घरी बसवला असता. आपल्या फुटबॉलात चेंडू हातानेच झेलायचा; तो उंचावरून आमच्या गोलखांबांकडे येत असतो, तीन दांडगे त्याच्या पाठीवर लोंबकळत असतात, आणि हा गृहस्थ फडताळावरून मुरांब्याची बरणी काढावी तसा तो अलगद झेलतो. मैदानाभोवती उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या भोंगे वाजवतात, म्हाताऱ्या लठ्ठ बायका गाडीतून उतरून टाळ्या पिटतात. मग डार्सी शांतपणे इकडेतिकडे बघतो आणि चेंडू नेमका समोरच्या संघाच्या माणसाच्या हातात मारून देतो. का, असं विचारलं तर म्हणतो, तो एकटाच मोकळा होता.

त्यातून त्याचं कुरण मैदानाच्या कुंपणाला लागून, आमच्या गोलखांबांच्या बरोब्बर मागे. (जमीन कुठे असावी हे माणसाच्या हातात नसतं हे मला मान्य आहे, पण तोंड कुठे करून उभं राहावं हे असतं.) ठरावाच्या आधीच्या सामन्यात शेवटची काही मिनिटं राहिलेली, आम्ही जेमतेम दोन गुणांनी पुढे (गोलाचे सहा), चेंडू आमच्या दिशेने निघालेला, आणि गोलसमोर चिटपाखरू नाही. डार्सी कुंपणाच्या तारेत अडकलेलं कोकरू सोडवत बसला होता. समोरचा फॉरवर्ड स्वतः मेंढ्या पाळणारा, तो बिचारा क्षणभर थांबलासुद्धा, मग नाइलाजाने गोल मारून मोकळा झाला. आम्ही हरलो. मी तावातावाने कुंपणाशी गेलो तर डार्सी म्हणतो कसा, “मर्व्हकाका, गोल पुढच्या शनिवारी परत करता येतो. कोकराचं तसं नसतं.” आता यावर काय बोलणार? मी बोललो, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

या वर्षी आम्हाला अंतिम फेऱ्यांत जायची आशा आहे. आमच्या क्लबघरातल्या विजयी संघाच्या फोटोत ज्यांना दाट केस आहेत त्यांचे आता नातू खेळतात, यावरून काय ते ओळख. म्हणून मी म्हटलं, मन घट्ट करायचं. लहरी माणूस द्यायचा, भरवशाचा घ्यायचा. हिशेब सरळ होता.

चूक झाली ती एवढीच, की ठरावाला हात वर करणारे आम्ही सगळे पुरुष होतो आणि त्या संध्याकाळी बायका शेजारच्या खोलीत नेटबॉलची मीटिंग घेत होत्या. आपल्याकडे क्लब फुटबॉलचा नि नेटबॉलचा मिळून एक, आणि माणूस क्लब बदलतो तो घरदार घेऊनच बदलतो, हे शेंबड्या पोराला कळतं. (माझी जोनच मुळात तशी या गावात आली. तिच्या भावाला आम्ही घेतला तो डावखुरा म्हणून, जोन त्याच्याबरोबर आली नेटबॉल खेळायला, आणि भाऊ दोन हंगामांत परत गेला तरी ती माझी बायको होऊन राहिली.) तरीही हात वर करताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की डार्सीची बायको ब्रॉनी ही आमच्या नेटबॉल संघाचे निम्मे गोल टाकते, त्याच्या दोघी बहिणी बचावात उभ्या असतात, बाप लेस मैदान कापून चुन्याच्या रेषा मारतो आणि आई ग्लेनिस कॅन्टीन चालवते. म्हणजे आम्ही एक फ्रेझर घेऊन अख्खं ट्रेंबाथ खानदान देऊन बसलो.

ग्लेनिसने भांडण केलं नाही. केलं असतं तर मी निभावून नेलं असतं. तिने कॅन्टीनच्या किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “मर्विनभाऊ, आम्ही तिकडे गेल्यावर चहाचं मोठं भांडं कुठंय विचारायला फोन करू नका. आत्ताच बघून ठेवा.” मी म्हटलं, “वहिनी, हे क्लबाच्या भल्यासाठी आहे.” ती म्हणाली, “मग क्लबाला सांगा चहा करायला.”

मी डगमगलो नाही. गेल्या शनिवारी कॅन्टीन मी स्वतः चालवलं. सॉसेज बाहेरून कोळसा आणि आतून गार झाले, ते खाऊन दोघांनी पैसे परत मागितले आणि अंपायरच्या कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं. चहाचं भांडं सापडलं नाही. रेषाही मीच मारल्या. मारताना गेटापाशी कोणाची तरी गाडी उभी होती, ती काढायला कोण सांगणार म्हणून मी तिला वळसा घातला, तर तिथे रेषेला पोट सुटलं आणि चेंडू आत की बाहेर यावरून दोन्ही संघांत हातघाईची वेळ आली. नेटबॉलमध्ये आमच्या मुलींनी (म्हणजे उरलेल्या) जे काय केलं त्याला खेळ म्हणत नाहीत. अध्यक्ष कोलिन माझ्या कानाशी लागला, अजून वेळ आहे, मागे घेऊ या. मी सरळ माईक हातात घेतला आणि साऱ्या मैदानाला ऐकवलं की मर्विन किटोने दिलेला शब्द आजवर गिळलेला नाही आणि डार्सी जाणार म्हणजे जाणार. दोनचार भोंगे वाजले. ते बाजूने होते की विरुद्ध हे कळलं नाही.

डार्सीला सांगायलाही, ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी, ग्लेनिसच्या कानी जाण्याआधी मीच गेलो होतो. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. तो मेंढीला कुशीवर पाडून तिचा खूर साफ करत होता. ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणाला, “तुम्ही ठरवलंय ना काका, मग बरोबरच असेल.” मग विचारलं जेवलात का, आणि मी नको नको म्हणत असताना मटणाची एक मांडी कापडात गुंडाळून माझ्या गाडीत ठेवली. असा हा माणूस. एक सरळ भांडण करील तर शपथ.

तरीही माझा निर्णय कायम आहे. उत्तम खेळाडू आणि उपयोगी खेळाडू यांत फरक असतो आणि तो करण्यासाठीच मला निवडून दिलंय. दाजींना सांग, बटण निळ्या रंगाचं आहे, खाली उजव्या कोपऱ्यात. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. थोरांना नमस्कार, नातवंडांना पापे, कोंबड्यांना काही नको.

तुझा,
मर्विन

ता. क. गुरुवारी फ्रेझर आमच्याकडे सरावाला येऊन गेला. फारच चांगला मुलगा. आलेला प्रत्येक चेंडू आपल्याच माणसाला देतो, सांगितलेल्या जागेवर उभा राहतो, आभार मानतो, स्वतःचा कप स्वतः धुतो. मी कुंपणाला टेकून उभा होतो. अर्ध्या तासात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. थोडं कसंसंच वाटलं म्हणून लवकर घरी आलो.

पुन्हा ता. क. हे पत्र पोस्टाने न पाठवता मुद्दाम पावाच्या गाडीवाल्याकडे देतोय, कारण शनिवारपूर्वी ते तुला मिळायला हवं. टेकडीपलीकडच्या तळ्यात मासे चांगले लागताहेत असं ऐकतो. तिथे फोन लागत नाही. शनिवारी सकाळीच दाजींना घेऊन जा, भरपूर सँडविच घे, तंबू घे, आणि रविवारी उजाडल्याशिवाय त्यांना परत आणू नकोस. कमरेचं काय ते मी भरून देईन. मला शब्द मागे घेता येत नाही, पण तुमच्या सेक्रेटरीने वेळ चुकवली तर माझा नाइलाज. त्यानंतर मी डनमेरिनच्या बेजबाबदारपणाबद्दल भर मैदानात शिमगा करणार आहे, त्यात दाजींचं नाव येईल. मनावर घेऊ नका. आणि ग्लेनिसला यातलं काही कळता कामा नये.

शेवटचा ता. क. दाजींनी कारण विचारलं तर काहीही सांग. तुला म्हणून खरं सांगतो. ताई, जोन गेल्यापासून घरात मी आवाज चढवलेला नाही. कोणावर चढवू? शनिवारी दुपारभर कुंपणावरून डार्सीच्या नावाने घसा फोडतो, तो तिकडून “हो काका” म्हणून हात वर करतो आणि पुन्हा तेच करतो. त्या रात्री मला दोन घास जास्त जातात. तो फ्रेझर एकही चूक करत नाही गं.