ओटी भरायची आहे

२२ मार्च, रविवार
दौंडहून सकाळच्या एसटीनं गावी. देवीपुढं नारळ ठेवला, मग सभामंडपात तालीम. यात्रेला दरवर्षी होतं तेच बुरुजाचं नाटक. राजाचा बुरूज बांधला की ढासळतो. जोशी सांगतो, धाकटी सून चिणा, मग टिकेल. दोन भालदार तिला आणायला जातात. ते दोघे म्हणजे सोपान आणि मी. सोंगं घरांना वाटून दिलेली आहेत, आजोबांच्याही आधीपासून. नाटक देवीचं, शब्द बदलायचा नाही. सोपानच्या घराचं वाक्य, "बाईसाहेब, महाराजांनी बोलावलंय." आमच्या घराचं, "ओटी भरायची आहे." एवढंच. मग तिला मध्ये घेऊन चालायचं.

सून यंदाही शिंप्याचा अनिल. मिशी काढावी लागणार म्हणून रुसलाय. तात्या सोसायटीचे चेअरमन आणि आमचे राजे. ते म्हणाले, "आरं, राज्यासाठी जीव द्यायचाय तुला, मिशीचं काय घिऊन बसला." सगळे हसले. सोपान हसला नाही.

२३ मार्च, सोमवार
काल स्टँडवर सोडायला आला तेव्हा सोपाननं सांगितलं. पूनम घरी आलीय. त्याची एकुलती एक, सणसवाडीला दिलेली. नवरा कंपनीत. ड्युटीला जाताना खोलीला बाहेरून कुलूप लावून जातो. आत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा. फोन त्याच्याकडं. खोलीमालकिणीनं शेवटी दुसऱ्या चावीनं उघडलं. अंगावरच्या कपड्यांनिशी गावी आली.

लोकांना काय सांगितलंस, विचारलं.

"यात्रेला आलीया म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगू, ज्ञानू."

यात्रेला आलेली लेक पालखी देवळात परतली की दुसऱ्या दिवशी जाते. सासरचे न्यायला येतात, ओटी भरतात, ती गाडीत बसते. गावात कुणाची लेक मागं राहत नाही. सोपानला हे माहीत नाही असं नाही. अब्रू झाकायला बोलला आणि त्याच शब्दात अडकला.

कुरकुंभला माझी सेकंड शिफ्ट. हातमोजे उलटे घातले, सुपरवायझर ओरडला.

२६ मार्च, गुरुवार
दौंडच्या खोलीवर दिवा लावला. जपात मन नाही.

भालदारांना माहीत होतं का? नाटकात कुठंच नाही. पुढं राजा रडतो, त्याला मोठं भाषण आहे. राजपुत्र रडतो. बायका पदर लावतात डोळ्यांना. आम्ही तोवर विंगेत चहा पीत असतो. इतकी वर्षं हे कधी मनात आलं नव्हतं. घरी जाऊन ते जेवले असतील का?

इथंच लिहून बघतो.

बुरुजावरून दोघे परत येत होते. पहिला म्हणाला, ओटीचं तू का सांगितलंस? दुसरा म्हणाला, मला तेवढंच सांगायला दिलं होतं. पहिला म्हणाला, मी खरं बोललो, महाराजांनी बोलावलंच होतं. दुसरा म्हणाला, तुझ्या बोलावण्यानं ती उठली नव्हती. ओटी म्हटल्यावर उठली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडं बघून

पुढं सुचेना.

२९ मार्च, रविवार
तालीम. मध्ये चहाला थांबलो तेव्हा सोपानला म्हटलं, दुसऱ्या भालदारानं ऐन वेळी "जाऊ नका" म्हटलं तर?

"येडा झालास का. देवीचं नाटक हाय." मग म्हणाला, "आन् ती न्हाई गेली तर बुरूज कसा उभा ऱ्हायचा?" मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती.

पूनम पाण्याची कळशी घेऊन आली. बारीक झालीय. कुणीतरी विचारलं, किती दिवस हायस गं? "यात्रेपुरती, मावशी." शिकवून ठेवलंय तिला.

४ एप्रिल, शनिवार
रजा टाकली, गावी आलो. सोपान तात्यांकडं जाऊन आला. मीही बरोबर होतो. तात्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सोपानराव, तुम्हीच गावाला सांगितलं यात्रेला आली. आता ठेवून घेतली तर व्याह्यांना कारण काय सांगायचं? लग्नाला दोन वर्षं झाली, अजून नवं आहे, जावयाला मी समजावतो. कुलूप काय, तिकडं चोऱ्या होतात.

सोपान "व्हय तात्या" म्हणाला. तालमीतही असाच म्हणतो, मान खाली घालून. मी चहा संपवला.

संध्याकाळी देवीसमोर बसलो. मागायला काय मागावं तेच ठरेना. तिलाही दरवर्षी आम्ही हेच नाटक दाखवतो.

९ एप्रिल, गुरुवार
काल नाटक झालं. आज पालखी देवळात परतली.

मी ठरवून गेलो होतो. देवीची माफीही मागून ठेवली होती. "जाऊ नका" दिवसभर तोंडात घोळवलं. सोपान त्याचं वाक्य बोलला, आवाज बसलेला. अनिल उठला नाही, तसंच असतं, तो माझ्या वाक्याची वाट बघतो. समोर बायकांत पूनम बसलेली. मी तोंड उघडलं आणि "ओटी भरायची आहे" बाहेर पडलं. स्वच्छ, दरवर्षीसारखं. अनिल उठला. आम्ही त्याला मध्ये घेऊन चाललो.

कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही झालंच नव्हतं. तात्यांचं रडणं यंदा फार चांगलं झालं म्हणतात.

आपलं तोंडसुद्धा आपलं नसतं.

१० एप्रिल, शुक्रवार
सकाळी ते आले. जावई, त्याची आई, आणि चुलता गाडी चालवायला. नवी साडी, खण, नारळ. जावई वाकून सगळ्यांच्या पाया पडला, माझ्याही. बोलायला गोड. सासू म्हणाली, खोलीत कूलर घेतलाय, आता पोरीला गरम व्हायचं नाही.

पूनम आतल्या खोलीत. बाहेर येईना. वहिनी दोनदा जाऊन आल्या, रडत परतल्या. सोपान मला ओट्यावर घेऊन गेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू जा आत. तुझं ऐकती ती. ओटी भरायला बोलावलंय म्हन, बास."

गेलो. भिंतीला टेकून बसली होती. कपाळाला कुंकू नीट लावलेलं. उठायच्या तयारीनंच बसली होती, हे मला सहन झालं नाही.

"काका, आबांनी धाडलं का तुम्हाला?"

व्हय म्हटलं.

"मग सांगा की. काय सांगायचंय ते."

तसाच उठून बाहेर आलो आणि पाहुण्यांना सांगितलं, पोरीच्या अंगात ताप आहे, आज नको, उद्या या. देवीच्या गावात, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी. ताप नव्हता. जावई आत बघायला उठला तेव्हा मी दारात उभा राहिलो. झटापट वगैरे काही नाही, नुसता उभा राहिलो. चुलता म्हणाला, जाऊ दे, उद्या येऊ.

साडी ठेवून गेले. सोपाननं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वहिनींनी चहाचे कप उचलले. तात्यांचा निरोप आलाय, उद्या ते स्वतः पाहुण्यांबरोबर येणार आहेत.

घरी हिला सगळं सांगितलं. दुसऱ्याची लेक आहे, बाप जिवंत आहे, आपण कोण, हे सगळं मीच बोललो. ती भाकऱ्या थापत होती. परात पुसून ठेवल्यावर म्हणाली, "दौंडच्या खोलीची चावी कुठं असती तुमची?"

खिशातून काढून फळीवर ठेवली. अजून तिथंच आहे. समोरच्या आळीत सोपानच्या घराचं दार उघडं आहे.