बारा सुताची चाकं

५ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आईकडून फोनवर कळलं, की दोन महिने तुम्ही लेथला हात लावलेला नाही, वर चादर घालून ठेवली आहे. तर आता मुलीचं एक काम घ्या.

मी छंद म्हणून एक छोटी गाडी करतेय. खेळण्यातली म्हणालात तर भांडीन. जिथे अजून कुणी उतरलेलं नाही अशा एका ग्रहावरच्या धुळीत चालायला, सहा चाकांची. तयार सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, सगळं हातानं करायचं, हा माझा हट्ट. अंग प्लॅस्टिकच्या पत्र्याचं, टाकी मलमाच्या डबीची, समोरची काच आमच्या दुकानात वाया गेलेल्या चष्म्याच्या भिंगाची. चार महिने रोज कामावरून आले की घासत बसते. फोटो पाठवते. शेजारी चष्म्याचं घर ठेवलंय, म्हणजे आकार कळेल.

चाकं मात्र मला जमत नाहीत. लेथवर कातलेली, पितळेची सहा हवीत. व्यास बारा मिलिमीटर, रुंदी पाच, आसासाठी मधलं भोक दोन. मिलिमीटरखाली दोन रेघा मारल्यात, ही चष्मेवाल्यांची खोड.

तुमच्या हाताची गोष्ट मी काढलेली नाही, तुम्हीही काढू नका. लोभ आहेच, तो चाकांतही उतरू द्या.

तुमची,
ठमी


२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सोबत सहा चाकं. हाताची गोष्ट मी काढणारच. चहा बशीत सांडणारा हात आहे हा. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईला सांगून टाकलं, की चाकं बसली तर लेथ राहील. बाद झाली, तर कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकीन. चाळीस वर्षं ज्या हातानं पोट भरलं, त्याची कीव करत मला जगायचं नाही.

एक गंमत सांगतो. उजवं मनगट डाव्या हातानं धरून उभा राहिलो, आणि हत्यार पितळेला लागताच थरथर थांबली. आई म्हणाली, आता चहाही लेथवरच पीत जा.

बसली का ते लगेच कळव. जेवणात लक्ष नाही माझं.

तुझा,
बाबा


२८ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. दुकानात माणूस कमी होता.

चाकं बसली. सहाही. आमच्या दुकानातल्या उपकरणानं मोजली, सहांत केसाचा फरक नाही. ती चादर आता लादी पुसायला घ्या. फोटो पाठवतेय, आईलाही दाखवा.

लोभ असावा आणि जेवण वेळेवर असावं.

तुमची,
ठमी


९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

दोन दिवस खूश होतो. आल्यागेल्याला फोटो दाखवला. तिसऱ्या दिवशी आधीचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला. आधी गाडी चष्म्याच्या घरापेक्षा आखूड होती. आता माझ्या चाकांवरून अंदाज केला, तर ते घर तिच्या पोटात मावेल.

मग तुझं पहिलं पत्र शोधलं. बारा मिलिमीटर, खाली दोन रेघा. मी केलं बारा सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, जन्मभर त्यातच मोजत आलो. बारा वाचलं, पुढचं डोक्यात शिरलंच नाही. चाकं तिप्पट झाली. आणि बापाची चाकं बसावीत म्हणून तू चार महिन्यांची गाडी बाजूला सारून नवी उभी केलीस.

आधी राग आला, मग रडलो. हाताची भीती होती, डोकं दगा देईल असं वाटलं नव्हतं. पण ठमे, कारखान्यात तपासणारा माझं काम परत पाठवायचा तेव्हा मी त्याला शिव्या द्यायचो आणि पुन्हा करायचो. मी पुन्हा करीन अशी त्याची खात्री होती म्हणून तो पाठवायचा. तू पाठवलं नाहीस, ते मला फार लागलं.

आईला मापं मोठ्यानं वाचायला लावून सहा चाकं पुन्हा केलीत, सोबत आहेत. लहान गाडी फेकली नसशील तर लावून बघ. या वेळी खोटं लिहिलंस तर लेथ त्याच दिवशी घरातून जाईल.

आशीर्वाद आहेतच, ते रागावर अवलंबून नाहीत.

बाबा


१७ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. तुम्ही लेथ द्याल या भीतीनं रात्री जागून ओबडधोबड नवी गाडी उभी केली आणि खोटं लिहिलं. तुम्हाला काय वाटेल याचा विचारच केला नाही.

लहान गाडी कपाटावर होती. चाकं लावली. पाच अशी बसलीत, की बोटानं ढकलली तरी गाडी टेबलाच्या कडेपर्यंत जाते. सहावं डुगडुगतं. त्याचं भोक पाव मिलिमीटर मोठं पडलंय. दोनदा मोजलं, आज सकाळी पुन्हा मोजलं.

सहावं बाद आहे. या पाकिटातून परत पाठवतेय. पुन्हा करा.

तुमची,
ठमी